जिथे दुसरं घोडं नाही

घोडी बरोबर घेऊन मुक्कामाला जागा शोधणं म्हणजे मुलीसाठी स्थळ शोधण्यासारखं आहे. कागदावर सगळं उत्तम असतं. पाणी आहे, चारा टाकायला कोरडी जमीन आहे, बांधायला कठडे आहेत, ट्रकमागे जोडलेला घोड्यांचा ट्रेलर वळवायला ऐसपैस जागा आहे. प्रत्यक्ष जाऊन बघावं तर हौदात मेलेली खार तरंगते आहे, कठड्याचे खांब कुजलेत, आणि ट्रेलर एकदा आत गेला की बाहेर कसा काढायचा ते देवालाच ठाऊक. वीसेक वर्षं मी आयडाहोच्या डोंगरांत अशा जागा धुंडाळते आहे. आमच्या गावात कुणाला घोडी घेऊन कुठे जायचं असलं, की ते आधी माझ्या दुकानात येतात. मी केस कापते. मानेजवळ कात्री फिरत असताना माणूस नीट ऐकून घेतो, असा माझा अनुभव आहे.

पण या जूनमध्ये मला हवी होती तसली जागा माझ्याकडे आजवर कुणी मागितली नव्हती. लोकांना सोबत हवी असते. संध्याकाळी शेकोटीभोवती चार खुर्च्या, शेजारच्यांची घोडी बघणं, नावं ठेवणं, यातच तर निम्मी मजा. मला मात्र दुसरं एकही घोडं नसलेली जागा हवी होती.

"मॅडम, मला नीट कळलं नाही," वनखात्याच्या कचेरीतली पोरगी फोनवर म्हणाली. "तुम्हाला घोड्यांसाठीचा कॅम्प हवाय, पण तिथे घोडी नकोत?"

"माझी दोन असतील. बाकी नकोत."

"मग वरच्या कुरणातला घ्या ना. फार छान आहे. सगळ्यांना आवडतो."

"बाळ, सगळ्यांना आवडतो म्हणूनच नकोय. कुणालाच आवडत नाही असा सांग."

मग ती म्हणाली, "असं आम्हाला कुणी विचारत नाही हो." चूक तिची नव्हती. विचारतं कोण?

हे सगळं डीकनसाठी चाललं होतं. डीकन हे माझं खेचर. बाप गाढव, आई घोडी, आणि स्वभाव दोघांच्याही घराण्यात नसलेला. आईने त्याला अंगावर पिऊ दिलं नाही, म्हणून मी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. तेव्हापासून माझ्या नवऱ्याने, ऑरिनने, त्याचं नाव जावईबापू ठेवलंय. कारण त्याचा मान राखावा लागतो, तो रुसतो, आणि खाण्यात खोट काढतो.

खेचरांचं एक असतं. त्यांचा जीव घोडीवर जडतो. कुठल्याही नाही, एकीवर. म्हणून आमच्याकडे डोंगरात सामान वाहणारे लोक खेचरांपुढे एक घोडी चालवतात आणि तिच्या गळ्यात घंटा बांधतात. रात्री चरायला मोकळं सोडलं तरी खेचरं त्या घंटेच्या आवाजापासून लांब जात नाहीत. आमची घंटावाली होती पर्ल. पांढरी, रुंद पाठीची, शांत. डीकन तिच्यामागे इतका असायचा की पर्लचा फोटो काढला की त्यात एक लांब कान यायचाच. फेब्रुवारीत पर्लच्या पोटात कळ आली आणि डॉक्टर बर्फातून पोचेपर्यंत ती गेली. ज्या फाटकातून तिला नेलं, त्या फाटकाशी डीकन उभा राहिला. तो मार्चपर्यंत तिथेच होता म्हटलं तरी चालेल.

एप्रिलमध्ये मी हॅटी आणली. तांबूस, समजूतदार, कष्टाळू घोडी. कुणाच्याही अध्यात ना मध्यात. पर्लची घंटा मी पहिल्याच दिवशी तिच्या गळ्यात बांधली, कारण रीत तशीच आहे. घोडी बदलते, घंटा तीच राहते. डीकनने एकदा कान टवकारले, तिच्याकडे पाहिलं, आणि पाठ फिरवली. मग कुंपणं ओलांडायला लागला. एकदा शेजाऱ्याच्या अंगणात सापडला, दोनदा हमरस्त्यावर. दुसऱ्या वेळी एका मालट्रकवाल्याने अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक मारला. शेरीफचा माणूस आमच्या दारात उभा राहून हळू आवाजात बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "लव्हॉन, पुढच्या वेळी त्या गाडीत एखादं कुटुंब असेल," म्हणाला.

ऑरिनने जन्मभर शाळेची बस चालवली आहे. बेशिस्त पोरांपुढे त्याने कधी हात टेकले नव्हते, डीकनपुढे टेकले.

वरच्या खोऱ्यात वेंडेल प्रुइट राहतो. शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जायचा त्याचा धंदा आहे. त्याच्याकडे घोड्याच घोड्या. तो म्हणाला, "मला दे. माझ्याकडे त्याला कुणीतरी आवडेल." माणूस चांगला, जनावरं नीट ठेवतो. पण तो डीकनला पार मोंटानाच्या हद्दीपर्यंत नेणार, हिवाळ्यात खाली दुसऱ्या राज्यात ठेवणार, आणि मला तो वर्षातून एकदा दिसला तर दिसला. मला तो जाऊ द्यायचा नव्हता. एवढं साधं आहे ते. मी ते वेंडेलला तसंच सांगितलं.

वेंडेलने टोपी मागे सारली. "मग एक कर. दोघांना घरापासून लांब ने. जिथे दुसरं घोडं नाही, ओळखीचं काही नाही, अशा ठिकाणी. दोन-तीन दिवस राहा. परक्या जागी जो शेजारी असतो, तोच आपला वाटायला लागतो. निघायच्या आधी घोडीला त्याच्या नजरेआड ने. त्याने हाक मारली तर जमलं. नाही मारली, तर मी सोमवारी ट्रेलर घेऊन येतो."

तर घोडं इथे अडलं होतं. चार जुलैच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात सगळा मुलूख ट्रेलरमध्ये घोडी भरून रस्त्यावर असतो, आणि मला रिकामी जागा हवी होती.

पहिला कॅम्प मी स्वतःच निवडला. लहान, ओढ्याकाठचा, फारसा कुणाला माहीत नसलेला. शेवटच्या वळणावर ऑरिनने ट्रक हळू केला आणि म्हणाला, "फारसा कुणाला माहीत नसलेला, म्हणालीस ना?" पुढे झाडाझाडाखाली ट्रेलर उभे होते. कुणीतरी गिटार वाजवत होतं. एक बाई हात हलवत धावत आली, आणि तिचे केस मी मंगळवारीच कापले होते.

"लव्हॉन! बघ, तू म्हणाली होतीस तस्सं आहे. मी आमच्या सगळ्या क्लबला सांगितलं."

मी हसले. दुसरं काय करणार? मागे डीकनने ट्रेलरच्या खिडकीतून नाक बाहेर काढून एक आरोळी ठोकली आणि चहूकडून घोड्या उत्तर द्यायला लागल्या.

"जागा करतो की आम्ही," ती बाई म्हणाली. "जरा सरकून घेऊ."

"नको, नको. आम्ही पुढे जाणार आहोत," मी म्हटलं. ऑरिन आरशात बघत तो लांबलचक ट्रेलर दोन झाडांच्या मधून उलटा काढायला लागला. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता.

"हस, हस," मी म्हटलं.

"मी कुठे हसतोय? मी तर म्हणतो, तू दुकानावर पाटी लाव. केस कापून मिळतील, कॅम्प भरून मिळतील."

दुसरा कॅम्प त्या फोनवरच्या पोरीने शेवटी यादी चाळून सुचवलेला. तिथे घोडं एकही नव्हतं. एक कुटुंब होतं, आणि त्यांचे लामा होते. उंटाच्या जातीतले, लांब मानांचे, लोकरी, सगळेच्या सगळे एका रांगेत उभे राहून आमच्याकडे बघत होते. हॅटीने असली जनावरं जन्मात पाहिली नसावीत. ती ट्रेलरमध्ये अशी थरथरायला लागली की आख्खा ट्रक हलायला लागला. डीकनने लामांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. त्याला त्यांच्यातही रस नव्हता.

"तू म्हणालीस घोडी नकोत," ऑरिन म्हणाला. "बघ, नाहीत."

"चल इथून."

"नाही, म्हणजे त्या पोरीने अगदी बरोबर ऐकलं होतं."

मला तेव्हा हसू आलं नाही. संध्याकाळ व्हायला आली होती, आणि आता घरी परतावं लागलं तर सोमवार अगदी दारात उभा होता. मी पुन्हा फोन लावला. पोरगी कचेरी बंद करून निघतच होती. मी म्हटलं, "बाळ, आता खरं सांग. तू स्वतः कुठे जाणार नाहीस?"

ती मग म्हणाली, "कड्याच्या रस्त्याला शेवटी एक शिकाऱ्यांची जुनी जागा आहे. यादीत आहे, पण आम्ही सुचवत नाही. रस्ता वाईट आहे. संडासाला दार नाही. कठडे मोडलेत."

"पाणी?"

"पाणी आहे. ओढा बारा महिने वाहतो."

"दोन बऱ्यापैकी झाडं?"

"झाडांना काय तोटा, मॅडम."

मी तिला मनापासून धन्यवाद दिले.

रस्ता खरंच वाईट होता. ऑरिन एकदाही बोलला नाही, म्हणजे किती वाईट ते समजा. पण वर पोचलो आणि माझा जीव भांड्यात पडला. उतारावर पाइनची झाडं, खाली गवताचा पट्टा, ओढा, आणि कड्याच्या सावलीत अजून थोडा मळका बर्फ. कुठे लीद नाही, चाकांचे ताजे ठसे नाहीत. संडासाला दार नव्हतं, पण समोर सगळं खोरं दिसत होतं, त्यामुळे तक्रार करावी असं काही नव्हतं.

मोडक्या कठड्यांच्या नादी न लागता आम्ही दोर बांधला. दोन जाड झाडं निवडायची, सालीला इजा होऊ नये म्हणून खोडाभोवती रुंद पट्टे गुंडाळायचे, आणि त्यांच्यामधून जनावराच्या डोक्यापेक्षा उंच असा दोर ताणायचा. त्या दोराला दावं. जनावराला मान खाली घालता येते, आडवं होता येतं, पण झाडाची मुळं उकरता येत नाहीत. एका टोकाला डीकन, दुसऱ्या टोकाला हॅटी. मध्ये घरून आणलेला गवताचा भारा टाकला. इथल्या जंगलात तणाचं बी नसलेलं, शिक्का मारलेलंच गवत आणावं लागतं.

हॅटी गवताकडे सरकली की घंटा वाजायची. घंटा वाजली की डीकनचे कान उभे व्हायचे. मग तो मान वळवायचा, हॅटीकडे बघायचा, आणि कान पार मागे टाकून दात दाखवायचा.

"कान तरी हलले," मी म्हटलं.

ऑरिन जाड लोखंडी पातेल्यात घेवडा ढवळत होता. "हलले खरे. पण मला तर वाटतं घंटा वाजली की तो जास्तच चिडतोय."

"ते होतंच सुरुवातीला. त्याला सवय व्हायला हवी. घंटा म्हणजे घोडी, हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. आता फक्त घोडी नवीन आहे एवढंच."

"एवढंच," ऑरिन म्हणाला आणि मक्याच्या पावाचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी हॅटीवर बसून डीकनला दोरीने मागे घेतलं आणि कड्याच्या पायवाटेने निघाले. जाताना डीकन ओढत होता, येताना डीकन ओढत होता, आणि माझा खांदा निखळायचा तेवढा बाकी राहिला होता. घंटा वाजत होती. मध्येच तो थबकायचा, मान उंच करून जंगलात कुठेतरी बघत राहायचा, मग पुन्हा चालायचा. मला तिथे काहीच दिसलं नाही. अस्वल असेल म्हणून मी मोठ्याने गाणं म्हटलं. माझ्या गाण्याने अस्वल पळतं, असं ऑरिनचं मत आहे.

परतून खोगीर उतरवत होते, तेवढ्यात खालून इंजिनाचा आवाज आला. मला वाटलं, भास असेल. इथे कोण कडमडायला येणार? पण वळणावरून एक जुना ट्रक वर आला आणि त्याच्यामागे घोड्याचा ट्रेलर.

एक म्हातारी बाई उतरली. सत्तरीच्या पुढची, गवती टोपी, हातमोजे. तिने आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. माझाही पडलाच असणार.

"इथे कुणी नसतं असं मला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"मलाही," मी म्हटलं.

तिचं नाव मार्व्हा. मी सरळ विषयालाच हात घातला. "मावशी, राग मानू नका, पण आम्ही मुद्दाम रिकामी जागा शोधत इथवर आलोय. माझ्या खेचराचा प्रश्न आहे."

"मग मी कशाला आले असेन? हवा खायला?" ती म्हणाली. "माझ्या घोडीला दिसत नाही. एका डोळ्याने थोडं दिसतं, तेही उजेड असला तर. दुसरी घोडी आसपास हलायला लागली की घाबरते. म्हणून मी आता लोक नसतील तिथेच जाते. घरी ठेवली तर तिथे उभी राहून मरेल, आणि मी पण."

"परत जाता येणार नाही तुम्हाला?"

"उजेड जाईल आता. तो रस्ता पुन्हा उतरायचा म्हणजे तुम्ही मला सकाळी दरीतूनच वेचून काढाल."

भांडायला मला सुचेना. कारण ती सगळं खरं बोलत होती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. ऑरिन मध्ये पडला. "मी तुमचा ट्रेलर त्या टोकाला नेऊन लावतो. मध्ये झाडी आहे. सकाळी लवकर निघालात तर कुणाला कुणाचा त्रास नाही." तिने किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. ऑरिनला कुणी ट्रेलर मागे घ्यायला दिला की तो सुखावतो.

पण गाडी हलवायच्या आधीच तिने मागचं दार उघडून घोडी उतरवली, आणि माझ्या हातातलं खोगीर खाली पडलं. पांढरी. रुंद पाठीची. म्हातारपणामुळे पोट जरा उतरलेलं, पण मान, चाल, कपाळावरची बट, सगळी पर्ल. मी स्वतः क्षणभर फसले, मग त्याला काय बोल लावू?

डीकनने ती पाहिली. त्याने जो आवाज काढला तो मी फेब्रुवारीनंतर ऐकला नव्हता. ओरडणं नाही, आतल्या आत एक बारीक, कापरा सूर. मग त्याने दोन पायांवर उभं राहून मान झटकली, म्होरकी डोक्यावरून निसटून दोराला लटकत राहिली, आणि तो सुटला.

"मार्व्हा, धरून ठेवा तिला," ऑरिन ओरडला.

मी धावले, पण माझं वय धावण्याचं नाही. मला वाटलं, आता आंधळी घोडी उधळणार, म्हातारी फरफटत जाणार, आणि सगळा दोष माझा. पण डीकन तिच्याजवळ पोचायच्या आत हळू झाला. शेवटची काही पावलं तर त्याने अगदी जपून टाकली. मार्व्हाने घोडीच्या मानेवर हात ठेवला होता आणि ती तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. डीकनने नाक पुढे केलं. घोडीचं नाक हुंगलं. मग मान, मग खांद्यामागची जागा, जिथे तो पर्लला हलके चावायचा. तिथे तो बराच वेळ थांबला. घोडी निमूट उभी होती.

ही ती नव्हती. ते त्याला कळलं. त्याची मान हळूहळू खाली येत गेली, आणि मला तिथेच रडू फुटलं.

तेवढ्यात आमच्या मागे, दोराला बांधलेल्या हॅटीने पाय बदलला. घंटा वाजली.

डीकनने झटकन मान वर केली. सगळं अंग ताठ. तो आवाजाच्या दिशेने बघत होता, आणि या वेळी मी त्याच्या अगदी बाजूला उभी होते, त्यामुळे तो काय बघतोय ते मला दिसलं. तो हॅटीकडे बघत नव्हता. तो हॅटीच्या पलीकडे, झाडांमध्ये बघत होता. घंटा वाजते आहे, म्हणजे पर्ल आली. कुठे आहे? मग त्याची नजर मागे येऊन हॅटीवर ठरली आणि त्याचे कान आडवे झाले.

एप्रिलपासून मी त्या जनावराला दिवसातून शंभर वेळा सांगत होते की पर्ल परत आली आहे. पायवाटेवर तो जंगलात बघायचा ते अस्वल नव्हतं. कुंपणं ओलांडून तो जायचा तो तिच्याच शोधात. आणि हॅटीचा त्याला राग का, तर दर वेळी घंटेपाशी पर्लच्या जागी ही सापडायची. रीत तशीच आहे म्हणून मी बांधली. रीत चांगलीच आहे, पण पर्ल मेली होती आणि त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

"काय गं, लव्हॉन?" ऑरिन म्हणाला.

मी जाऊन हॅटीच्या गळ्यातला पट्टा सोडला, घंटेत माझा रुमाल कोंबला, आणि ती ट्रकमध्ये हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवून दिली. परत आले तेव्हा हॅटी मान खाली-वर करून बघत होती, ओझं गेल्यासारखी. डीकनला मी काही न बांधता मानेवर हात ठेवून परत आणलं. तो आला.

त्या संध्याकाळी मार्व्हा आमच्याकडेच जेवायला बसली. घेवडा, मक्याचा पाव, आणि पातेल्यात भाजलेले गोड सफरचंदाचे तुकडे. तिने दोनदा घेतले. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात मला कुणी रोज उठून हाक मारू नये." एवढंच बोलून तिने ताटली पुसून घेतली. सकाळी ती निघाली तेव्हा डीकनने चरता चरता एकदा वर पाहिलं आणि पुन्हा तोंड गवतात घातलं. पांढरी घोडी त्याच्यासाठी आता एक पांढरी घोडी होती.

पुढचा दिवस डासांचा होता. खरं तर त्या दिवशी काहीच घडलं नाही. मी दोघांना पुढचे पाय सैलसर बांधून गवतात चरायला सोडलं, ऑरिन ओढ्यावर मासे धरायला गेला, मी झाडाला टेकून बघत बसले. दुपारी डास असह्य झाले तेव्हा हॅटी जाऊन डीकनशेजारी उभी राहिली. त्याने कान मागे टाकले. ती हलली नाही. थोड्या वेळाने त्याने कान सैल सोडले. मग दोघं उलटसुलट उभे राहिले, एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडावर, आणि एकमेकांचे डास हाकत राहिले. मी यावर ऑरिनशी एक शब्दही बोलले नाही. मे महिन्यातही एकदा असं काहीतरी दिसलं होतं आणि मी केक आणला होता. त्या रात्री डीकन हमरस्त्यावर सापडला होता.

शेवटच्या सकाळी सामान आवरलं. उरली फक्त परीक्षा. ऑरिन डीकनजवळ थांबला. मी हॅटीवर खोगीर चढवलं.

"हाक मारली नाही तर?" ऑरिनने विचारलं.

"तर वेंडेलला सांगू, ये म्हणून."

"तू ठीक राहशील?"

"नाही," मी म्हटलं.

मी निघाले. डीकन गवत चघळत होता. वर पाहिलंही नाही. पायवाट ओढा ओलांडते आणि मग मोठ्या खडकाला वळसा घालून झाडीत शिरते. खडकापलीकडे गेल्यावर कॅम्प दिसत नाही. मी आणखी थोडं पुढे गेले. मागून काही नाही. ओढ्याचा आवाज, एक सुतारपक्षी. मी मनात वेंडेलशी बोलायलाही लागले होते, की बाबा रे, त्याला बर्फात फार वेळ उभं करू नकोस, त्याला उजव्या बाजूने कान चोळलेला आवडतो.

तेवढ्यात हॅटी थांबली. मी टाच मारली. ती जागची हलेना. ही घोडी, जिने मी सांगितलेलं एकही काम आजवर नाकारलं नव्हतं. तिने मान मागे वळवली, कान ताठ केले, आणि अंगातल्या सगळ्या श्वासानिशी खिंकाळली. मी खोगिरात हादरले. या सबंध खटाटोपात, मी डीकन डीकन करत होते, आणि हिलाही आपलं घर, आपली माणसं, आपली घोडी सोडून आणलं होतं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. ती तिथे आमच्याकडे एकटीच होती. एप्रिलपासून.

ती पुन्हा खिंकाळली. आणि मग खडकापलीकडून उत्तर आलं. सुरुवात घोड्यासारखी, शेवट गाढवासारखा, मध्ये कुठेतरी फाटलेला, बेसूर, लांबच लांब. एकदा नाही. तो थांबेचना. त्यामागून ऑरिनचा आवाज येत होता, तो काय ओरडत होता ते कळलं नाही, पण आनंदाने ओरडत होता.

मला समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. मी लगाम सैल सोडला. हॅटी आपणहून वळली आणि चालायला नाही, पळायला लागली.